माझ्या आधी येऊन गेलेली मी

अमरावती

वऱ्हाडात जाऊन आले म्हटलं की पुण्यातली माणसं दोनच गोष्टी विचारतात: ऊन किती होतं आणि कचोरी आणलीस का. ऊन होतं, फेब्रुवारीतच चांगलं चटकत होतं. कचोरी आणली नाही. जे घेऊन आले ते पिशवीत घालून कुणाला देता येण्यासारखं नाही, आणि परत आल्यापासून झोपेचं खोबरं झालंय, म्हणून एकदाचं लिहून टाकते. तिकडे न गेलेल्यांनी वाचा. गेलेल्यांनी मला येडी म्हणायला हरकत नाही.

मी स्टँड-अप करते, म्हणजे स्टेजवर एकटी उभी राहून लोकांना हसवते, आणि दर आठवड्याला ‘घरी सांगू नका’ नावाचा पॉडकास्ट करते. तासभर माइकसमोर बसायचं आणि आपल्या घरातली सगळी भांडी रस्त्यावर आणून घासायची, असा तो प्रकार. आई, मावश्या, मोडलेलं लग्न, सोडलेली बँकेतली नोकरी, सगळं सांगून झालंय. पॉडकास्टवर माझा फोटो नाही, कुकरचं चित्र आहे. त्यामुळे हजारो माणसं माझा आवाज ओळखतात आणि मी बाजारात शेजारी उभी राहिले तरी मिरच्या निवडत राहतात. मला ते बरं वाटायचं. वाटायचं, म्हणजे आत्तापर्यंत.

एकाच माणसाबद्दल मी माइकवर कधी बोलले नव्हते, ते म्हणजे माझे बाबा. कराडला त्यांचं छत्र्या आणि बॅगांचं दुकान आहे. मी नोकरी सोडली त्या दिवशी ते म्हणाले, “आता मला फोन करू नकोस.” मी म्हटलं, बरं. दोघंही एकाच मातीचे, त्यामुळे चार वर्षं झाली, त्यांनी केला नाही आणि मीही केला नाही. आई गेल्यावर मध्ये बोलणारंही कुणी उरलं नाही. आता या न बोलण्यावरच मी एक अख्खा तासाचा नवा कार्यक्रम लिहिला होता, नाव ‘अबोला’. पुण्यात त्याचं चित्रीकरण ठरलं होतं. आमच्या धंद्यात नवा तास आधी लांबच्या गावी नेऊन करून बघतात, पडला तर ओळखीचं कुणी बघायला नको. म्हणून वऱ्हाड. तिथले लोक तोंडावर सांगतात असं ऐकलं होतं आणि मला तेच हवं होतं.

अमरावतीत वानखडे भाऊंनी उतरवून घेतलं. त्यांचं कापडाचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर सत्तर-ऐंशी खुर्च्यांचा हॉल काढलाय, तिथे ते कविसंमेलनापासून बारशापर्यंत सगळं होऊ देतात. आमची ओळख फोनवरचीच. त्यांनी आधी हातगाडीवर नेऊन गिला वडा खायला घातला. दह्यात बुडालेला वडा, वरून तिखट आणि गोड चटणी. पुण्यात याला दहीवडा म्हणून दुप्पट पैसे घेतले असते आणि निम्मं दही दिलं असतं. मी गाडीवाल्याला म्हटलं, “दादा, जरा गोड चटणी घाला ना.”

त्याचा हात तसाच थांबला. मान वर करून त्यानं माझ्याकडे पाहिलं.

“अरे, तुमी!” तो म्हणाला. “मांगच्या खेपेले तं तुमाले तिखटच पायजे होतं.”

“मी पहिल्यांदाच आलेय.”

“हाव, हाव.” तो हसला. “कराच मस्करी. तुमचं कामच ते हाय.”

मी वानखडे भाऊंकडे बघितलं. ते म्हणाले, पॉडकास्ट ऐकत असेल, आवाजावरून ओळख पटली असेल. मलाही तसंच वाटलं. खरं सांगायचं तर मी जरा फुशारलेच.

संध्याकाळी हॉल भरला. जुने विनोद आधी करून माणसं गरम करायची आणि मग नवं काढायचं, असा बेत होता. पहिलाच विनोद सुरू केला आणि हशा आला. आला, पण आधी आला. मी शेवटच्या वाक्यापर्यंत पोचलेच नव्हते. दुसऱ्यालाही तेच. स्टेजवरच्या माणसाला हे कसं वाटतं ते सांगते: अंधारात जिन्यावर पाय टाकावा आणि पायरीच नसावी. नेहमीच्या श्रोत्यांना जुने विनोद पाठ असतात, ते मला माहीत आहे. पण मी स्टेशनावरून येताना रिक्षात सुचलेली एक गोष्ट सांगितली, तिलाही आधीच हसले. ‘अबोला’ काढायची हिंमतच झाली नाही. जुन्यावरच निभावून खाली उतरले.

उतरल्यावर एक बाई पुढे आल्या. शाळेत शिकवणाऱ्या असाव्यात, खांद्यावर पर्स, हातात तपासायच्या वह्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “पाय बरा झाला काय आता?”

“कुठला पाय?”

“उजवा. मुरगळला होता ना तुमचा बाजारात? लय हसवलं बाई तुमी त्याच्यावर. पन मले हसतानाई वाईट वाटून राह्यलं होतं.”

माझा पाय ठणठणीत होता. मी त्यांच्यासमोर दोनदा आपटूनही दाखवला.

चांदूर बाजार

दुसऱ्या दिवशी वानखडे भाऊंच्या गाडीतून चांदूर बाजारला गेलो. पॉडकास्टसाठी मला संत्र्याच्या बाजारातले आवाज हवे होते. रस्त्याला दोन्ही बाजूंनी बागा, काळी जमीन, झाडांच्या बुडाशी चुना लावलेला. संत्री विकत घ्यायची म्हटलं की पुण्यात आपण दाबून, वास घेऊन, भाव करून चार घेतो. इथे एका आजोबांनी आधी सोलून हातावर ठेवलं, खाऊन होईपर्यंत बोलले नाहीत आणि मग विचारलं, “कोनाच्या इथं आल्या?” मी वानखडे म्हटल्यावर ओंजळभर आणखी दिली. घ्यायची गोष्टच निघाली नाही.

मी रेकॉर्डर काढला, ढिगांच्या मधून चालत गेले, आणि कुणाच्या तरी पायाखाली पिचलेल्या संत्र्यावरून घसरले. पडले नाही. पाय मुरगळला, उजवा.

लोक धावले. कुणी पाणी आणलं, कुणी हळद. मी जमिनीवर बसून होते आणि वानखडे भाऊ माझ्या पायाकडे बघत उभे होते. ते पुढे येईनात. गोरापान माणूस, पण चेहरा असा काळवंडला होता की मीच म्हटलं, “भाऊ, तुम्ही बसा आधी.”

“ताई,” ते म्हणाले, “त्या मॅडमनं काल विचारलं होतं ना?”

“योगायोग असतो हो.”

“असते ना. असतेच.” आणि त्यांनी मारुतीचं नाव घेतलं.

परतताना ते गाडी चालवत फोनवर फोन करत होते. मी मागच्या सीटवर पाय लांब करून पडले होते. एक फोन ठेवून त्यांनी गाडी बाजूला घेतली. म्हणाले, “उद्या तुमचा कार्यक्रम हाय म्हनते हिवरखेडले. बचत गटाच्या बायांसाठी.”

“माझा परवा आहे, अकोल्यात.”

“थो बी हाय. पन उद्याचाई तुमचाच हाय. ऋचाताई, घरी सांगू नका वाल्या. बाया दोन दिवसांपासून वाट पाहून राह्यल्या.”

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, तिथल्या तिथे पोलिसांत का नाही गेलीस? जाऊन काय सांगू? माझा आवाज माझ्याशिवाय फिरतोय? मला राग यायला हवा होता. मी भारी रागीट आहे, विचारा कुणालाही. पण त्या वेळी राग नव्हता, नुसती भीती होती, लहान मुलासारखी.

हिवरखेड

हिवरखेड मोठं गाव आहे. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता आणि खाली सतरंज्यांवर बायका दाटीनं बसल्या होत्या. सासवा पुढे, सुना मागे, हे मात्र आमच्याकडच्यासारखंच. आम्ही मुद्दाम उशिरा पोचलो आणि मांडवाच्या मागच्या कनातीला लागून उभे राहिलो. दिवस मावळायला आला होता.

आणि मी माझा आवाज ऐकला.

आपला रेकॉर्ड केलेला आवाज मी रोज ऐकते, कापते, जोडते, त्यामुळे मला तो आरशापेक्षा जास्त ओळखीचा आहे. हा तोच होता. वाक्याच्या शेवटी मी हलकेच नाकातून हसते, तेही होतं. ‘म्हणजे काय माहितीये का’ म्हणायच्या आधी मी जीभ टाळ्याला लावते, तेही होतं. वानखडे भाऊ एकदा कनातीकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी हळूच माझ्यापासून एक पाऊल लांब सरकून घेतलं. मला त्याचं वाईट वाटलं.

कनात बाजूला करून बघितलं. पंचविशीतली मुलगी, सावळी, बारीक, माझ्यासारखी मुळीच दिसत नव्हती; पण आवाज तोच म्हटल्यावर चेहरा कुणी ताडून बघत नसावं. पाय मुरगळल्याची गोष्ट सांगत लंगडून दाखवत होती आणि बाया तोंडाला पदर लावून लोळत होत्या. मी सुजल्या पायावर उभी राहून बघत होते. मग ती म्हणाली, “आता बाबांचं सांगते.”

माझे बाबा. ती सांगत होती, ते फोन ताटासारखा आडवा हातात धरून बोलतात. “बरं, ठेवतो” म्हणतात आणि मग अर्धा तास ठेवत नाहीत. मोठ्या छत्र्या कुणी घेत नाही म्हणून तक्रार करतात. खोकून खोकून झालं की म्हणतात, “खोकला नाही गं हा, घसा साफ करतोय.” बाया हसत होत्या. मला सुटल्यासारखं झालं, कारण हे माझे बाबा नव्हतेच. माझे बाबा फोनवर दोन वाक्यांच्या वर कधी बोलले नाहीत. पोरीनं बसून बनवलंय, आणि मान्य करते, झकास बनवलंय.

तेवढ्यात तिनं त्यांचा आवाज काढला: “ठमे, जेवलीस का?”

ठमी हे नाव मला फक्त बाबांनी ठेवलंय. घरात आईसुद्धा त्या नावानं हाक मारत नसे. माइकवर मी ते कधीही उच्चारलेलं नाही. मी कनातीचा बांबू धरून उभी राहिले.

कार्यक्रम संपल्यावर ती सरळ माझ्यापाशी आली. घाबरली नाही, लाजली नाही. आणि बोलली तेव्हा आवाज पार वेगळा होता, जाडा, मोकळा, तिचा स्वतःचा.

“मले माहीत होतं तुमी येसान म्हून. मी प्रगती. चाला, घरी चाला अकोल्याले. पाय सुजला तुमचा. माय वाट पाहून राह्यली.”

अकोला

कुणी आपलं सगळं चोरलं तर आपण त्याच्या घरी जेवायला जात नाही. मी गेले. वऱ्हाडात जेवायला चला म्हटल्यावर नाही म्हणायला जागाच ठेवत नाहीत, आणि मला त्या मुलीला सोडायचं नव्हतं.

दोन खोल्यांचं स्वच्छ घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि बाजूला प्रगतीच्या वडिलांचा फोटो. वडील पाटबंधारे खात्यात होते, दोन वर्षांपूर्वी गेले. आईनं पातोडीची भाजी केली होती. बेसनाच्या वड्या झणझणीत रश्श्यात सोडलेल्या, वर बोटभर तेलाचा तवंग. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तर त्या माउलीनं न विचारता ताटात गूळ ठेवला. मग माझा पाय मांडीवर घेऊन तेल चोळायला बसल्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं. लेकीची पुण्याची मैत्रीण आली, एवढंच.

“कावून करतेस हे?” त्या आत गेल्यावर मी प्रगतीला तिच्याच भाषेत विचारलं, का म्हणून. माझ्या तोंडी ते बेंगरूळ वाटलं.

“मीबी कॉमेडीच करतो ताई,” प्रगती म्हणाली. “पयले माया भाषेत करत होतो. लोकं म्हनत, हे तं आमी घरी आयकतोच, याच्यात काय हाय? एक दिवस गंमत म्हून तुमच्या आवाजात केलं. सारे चूप बसून आयकत राह्यले. मंग सुटलंच नाही.”

“आणि माझ्या पायाचं?”

“थो जोक होता. खरंच जोक होता.” आता कुठे ती घाबरलेली दिसली. “तुमी कुठी जासान, काय करसान, ते मले समजते कधी कधी. तीन वर्षांपासून रोज आयकून राह्यलो तुमाले.”

“रिक्षातली गोष्ट मला परवा सुचली.”

“मी मांगच्या महिन्यात सांगतली.”

“ठमी?”

ती ताटात बघत राहिली. “सुचलं.”

मी तिला बजावून सांगितलं, उद्या माझ्या कार्यक्रमाला यायचं नाही, आणि यापुढे माझं नाव घ्यायचं नाही. ती बरं म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अकोल्यात मी ‘अबोला’ काढला. मागे-पुढे न बघता पहिल्या वाक्यापासून. चार वर्षं बापलेक बोलत नाहीत, दोघंही एकमेकांच्या मरणाची बातमी तिसऱ्याकडून कळेल म्हणून निवांत आहेत, असं ते सुरू होतं. कुणी हसेना. आधीही नाही, नंतरही नाही. तासाभराचं लिखाण तोंडातून बाहेर पडत होतं आणि मी चिखलातून सायकल ओढत होते. शेवटी दुसऱ्या रांगेतले एक काका उठले. अकोल्यात उठून बोलायला कुणी परवानगी मागत नाही.

“ताई, खोटं कावून सांगता? तुमी तं बोलता त्याइच्यासंगं. हिवरखेडले माया बहिनीनं सोता आयकलं. चांगले बोलता. आमाले बरं वाटलं होतं.”

हॉलमधली सगळी माणसं माना हलवत होती. रागानं नव्हे हो, मायेनं. मी दिलगिरी व्यक्त केली आणि खाली उतरले. पुण्यातलं चित्रीकरण आता होणार नाही हे पहिल्यांदा डोक्यात आलं, आणि त्याच्या मागोमाग ती ‘ठमे’ ही हाक आली. मी हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर बसले आणि बाबांना फोन लावला. नंबर काढावा लागला नाही, दुकानाच्या पाटीवर तोच आहे, लहानपणापासून पाठ. त्यांनी उचलला. “हॅलो, बाबा,” मी म्हटलं.

“आं? आज गुरुवारी कशी काय? तुझा रविवारचा असतो ना?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हॅलो? ठमे, आवाज येतोय का माझा?”

“येतोय.”

“मग बोल की. अन् आवाज असा का तुझा? वेगळाच लागतोय.”

“बसलाय,” मी म्हटलं. “प्रवासात.”

“मग गरम पाणी पी. कमी बोल. मी सांगतो, तू ऐक. ते मोठ्या छत्र्यांचं तू म्हणालीस तसं केलं बघ. पुढं टांगल्या. दोन गेल्या.” ते खोकले. “खोकला नाही गं हा.”

“माहितीये बाबा, घसा साफ करताय.”

ते हसले. चार वर्षांनी मी माझ्या बापाचं हसणं ऐकत होते, आणि ते दुसऱ्याच कुणासाठी तयार झालेलं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की ती मी नव्हते. नाही सांगितलं. काय सांगणार होते? “बरं, ठेवतो,” ते म्हणाले आणि अर्धा तास बोलत राहिले. मी हुंकार देत गेले, बेतानं, चूक व्हायला नको म्हणून. स्वतःची नक्कल करणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं.

फोन ठेवला तेव्हा प्रगती फाटकाशी उभी होती. येऊ नको म्हटलं होतं तरी.

“कधीपासून?” मी विचारलं.

“पावसाळ्यापासून. तुमी एकदा कराडचं छत्र्याइचं दुकान म्हून गेल्ता पॉडकास्टमंधी. म्यापवर सापडलं. मले फक्त त्याइचा आवाज पायजे होता, जोकसाठी. मी हॅलो म्हटलं तं ते रडाले लागले.” तिचेही डोळे भरले होते. “मंग कसा ठेवू फोन, तुमीच सांगा. माया बाबाचा तं लागत नाही आता.”

मी तिला मारणार होते, खरंच हात उचलला होता. तो तिच्या खांद्यावर कसा गेला ते मला कळलं नाही.

“यापुढे नाही करायचा,” मी म्हटलं. “मी करीन.”

“करान ना पन? रविवारी? त्याइले रविवार लागते.”

“करीन.”

पुणे

परत आल्यावर चित्रीकरण रद्द केलं. आयोजक चिडले, चिडू देत. ज्या गोष्टीवर तास उभा होता ती गोष्टच आता खरी नव्हती, निदान कराडला तरी नव्हती.

रविवारी सकाळी चहा घेऊन बसले. काय बोलायचं ते मनात जुळवलं. आधी खोकल्याचं विचारायचं, डॉक्टरकडे जायला लावायचं, मग कधीतरी, पुढच्या महिन्यात वगैरे, खरं काय ते सांगायचं. फोन लावला. ‘आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.’

दुकानाचं गिऱ्हाईक असेल म्हणून थोडं थांबले. पुन्हा लावला. व्यस्त. प्रगतीला लावला. व्यस्त. चहा तसाच राहिला आणि मी खोलीभर येरझाऱ्या घालत राहिले, माझ्याच बापाशी मी बोलून होईपर्यंत.

मग एकदाची रिंग गेली.

“काय गं,” बाबा म्हणाले, “आत्ताच तर ठेवला. काही सांगायचं राहिलं का?”

“हो बाबा,” मी म्हटलं. “बरंच राहिलंय.”